नळावरचा चुगल्या

माळहिप्परग्यात पाण्यावरून जो पहिला माणूस मेला, तो पाणी पिऊन मेला नाही. त्याच्या डोक्यात पाना बसला. चौदा इंची, नळजोडणीचा. पाणीपुरवठ्याशी संबंधित अवजारानेच काम झाल्यामुळे नगरपालिकेच्या नोंदीत तो बरेच दिवस 'पाणीजन्य मृत्यू' या सदराखाली होता. मग कोणीतरी हरकत घेतली.

त्या नोंदीखाली प्रमिला हावळेची सही होती. नगरपालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती तेवीस वर्षं होती. प्रयोगशाळा म्हणजे पाण्याच्या टाकीखालची एक खोली, एक फ्रीज आणि प्रमिला.

पूर्वीची तपासणी साधी होती. लहानशा बाटलीत पाणी भरायचं, उबेला ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बाटली काळी पडली तर पाणी पिण्यास अयोग्य असा शिक्का मारायचा. बाटली काळी पडली की लोक नगरपालिकेला शिव्या द्यायचे, दोन दिवस पाणी उकळायचे आणि तिसऱ्या दिवशी गॅस संपतो म्हणून थांबायचे. त्या पाण्यानं कोणी मरत नसे असं नाही. पण त्यावरून कोणी कोणाला मारत नसे.

मग शोधक आला. सरकारी नाव 'जलमूळ-शोधक'. चष्म्याच्या घराएवढा, पांढरा, एका बाजूला काचेची पट्टी. गावानं आठवड्याभरात त्याचं नाव 'चुगल्या' ठेवलं.

त्यामागचं शास्त्र प्रमिलाला फार आवडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. माणसाच्या आतड्यात ई-कोलाय नावाचे जंतू राहतात. बहुतेक सगळे निरुपद्रवी, सरकारी नोकरासारखे. जागा धरून असतात एवढंच. एखादी जात मात्र विषारी निघते आणि मूल रक्ताचे जुलाब करून दोन दिवसांत अंथरुणाला खिळतं. हे जंतू सतत स्वतःची नक्कल करत राहतात आणि दर नकलेत एखादं अक्षर चुकतं. एका घरात राहणारी, एका ताटात जेवणारी माणसं हे जंतू एकमेकांना देत राहतात, त्यामुळे चुकाही घरोघर वेगळ्या साठतात. कुटुंबागणिक लोणच्याची चव वेगळी, तसं. चुगल्या पाण्यातल्या जंतूचा डीएनए एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढून घ्यायचा, अक्षरं वाचायचा आणि घरांच्या नोंदवहीशी ताडून पाहायचा. नऊ मिनिटांत काचेवर घर क्रमांक. नोंदवहीसाठी गावातल्या प्रत्येक घराच्या संडासाच्या चेंबरमधून दर महिन्याला नमुना जात असे. लोकांनी तो हौसेनं दिला. शेजाऱ्याचंही जाणार आहे म्हटल्यावर कोण मागं राहील?

पहिल्या आवृत्तीत चुगल्या दोन गोष्टी सांगायचा. जंतू कोणाचे, आणि किती. 'किती'मध्ये लोकांना रस नव्हता. तो आकडा पाहून गोंधळ होतो अशा तक्रारी गेल्या, तेव्हा कंपनीनं दुसऱ्या आवृत्तीत 'किती' काढून टाकलं आणि घर क्रमांक मोठ्या अक्षरांत आणला. प्रमिलानं पत्र लिहिलं की पाणी तीन दिवसांआड येतं, मधल्या काळात रिकामा पाइप शेजारच्या गटाराची ओल चोखून घेतो, म्हणून प्रत्येक नळात कोणा ना कोणाचे पाच-दहा जंतू सापडणारच. तेवढ्यानं कोणी आजारी पडत नाही. तरी 'किती' परत आणावं. 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे,' असं उत्तर आलं.

पूर्वी पाणी खराब असायचं. आता शेजारी खराब असायला लागला.

सहा महिन्यांत सरकारी दवाखान्यातले जुलाबाचे रोगी निम्म्यावर आले आणि टाके घालून घेणारे दुप्पट झाले. आरोग्य खात्यानं पहिला आकडा जाहिरातीत छापला. गुरव गल्लीत दोन विहिणींनी एकमेकींचे दात पाडले. बाजारपेठेत एका दुकानदाराचा अंगठा शटरमध्ये घालून शटर ओढण्यात आलं. एवढा गोंधळ बरा नव्हे, शिस्त हवी, असं सगळ्यांचंच मत पडलं, तेव्हा तालमीचे सोपान पैलवान घोडके पुढं झाले आणि त्यांनी 'जलशुद्धी पथक' काढलं. पथकाची पद्धत ठरलेली. प्रमिलानं तपासून अहवालावर सही केली की चुगल्याचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, मग त्या घरच्या कर्त्या पुरुषाला उचलून तक्रारदाराच्या नळाखाली आणून बसवायचं आणि मारायचं. नळ चालू ठेवायचा. रक्त वाहून जातं आणि अंगण खराब होत नाही.

पथकाचे सल्लागार लोंढे सर होते. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. "पूर्वी संशयावरून मारायचे," ते म्हणत. "आता पुराव्यावरून. ही प्रगती आहे."

पाना डोक्यात बसून मेले ते वामनराव कदम. पोस्टातून निवृत्त झालेले, घर क्रमांक अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या दहाव्याच्या दिवशी प्रमिलानं फ्रीजमधला उरलेला नमुना काढला, कपाटातून पहिल्या आवृत्तीचा जुना चुगल्या काढला आणि 'किती' पाहिलं. लीटरमागे सात.

तिनं हे फक्त नवऱ्याला सांगितलं. मुरलीधर शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. हलक्या हाताचा, हळू बोलणारा माणूस.

"सात म्हणजे कमी का गं?"

"सात म्हणजे काहीच नाही."

त्यानं बॉबिनमध्ये अडकलेला दोरा पूर्ण सोडवला, मग विचारलं, "आणि पथकाला दिलेले आधीचे सोळा अहवाल?"

"तेही तसेच असणार."

"मग आता कोणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "वामनराव तर परत यायचे नाहीत. आणि पुढचा दगड आपल्या दारावर पडेल."

ती बोलली नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी सोपान पैलवान स्वतः प्रयोगशाळेत आला. मागं वीस-पंचवीस माणसं आणि लोंढे सर. एरवी तो दारातून वाकून, हसत यायचा. आज वाकायचं विसरला आणि कपाळ चौकटीवर आपटलं, ते त्याला कळलंही नाही.

"मॅडम, पोरगी रगात हगाय लागलीय. काल रातीपासनं. सलाइन लावलंय. डाक्टर म्हनतोय, किडनीवर गेलं तर बघाय नगं."

"स्वरा?"

"दुसरी कुठली हाय मला? चला. नळाचं पानी बगा. मला नंबर पायजे."

तिनं पिशवीत चुगल्या टाकला आणि नमुन्याच्या कुप्या टाकल्या, दर तपासणीला एक लागे. तीन शिल्लक होत्या; नव्या गुरुवारी यायच्या होत्या.

पैलवानाचं घर क्रमांक दोनशे एकतीस. अंगणात नळ, नळाशेजारी कट्ट्यावर मोठा माठ. नियम होता नळाचा नमुना घ्यायचा, कारण नगरपालिकेची जबाबदारी नळाच्या तोंडाशी संपते. तिनं स्पिरिटचा बोळा पेटवून तोटी भाजली, पाणी थोडं वाहू दिलं आणि कुपी भरली. नऊ मिनिटं गर्दी चुगल्याभोवती उभी होती. पैलवानाची बायको शेवंता ओसरीवर खांबाला धरून उभी होती.

काचेवर आकडा उमटला. दोनशे चौदा.

प्रमिलानं काचेवर हात ठेवला. पण लोंढे सर तिच्या खांद्याशीच होते. शाळेतल्या पोरांच्या कॉप्या पकडून त्यांची नजर तयार झाली होती.

"दोनशे चौदा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे... हावळे बाई, आपलंच की."

कोणीतरी हसलं. पैलवान हसला नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमी हितंच थांबा. तुमच्याशी काय भांडान न्हाई."

तिनं मुरलीधरला फोन लावला. "मागच्या दारानं जा. आत्ता. बस मिळेल ती पकड."

"का? काय झालं?"

"आपला नंबर आलाय."

"अगं, पण आपलं काही चुकलं असेल तर मी सांगतो ना त्यांना. पाइप बदलून घेऊ."

"मुरली, जा म्हणते ना!"

"समोरूनच आले बघ," तो म्हणाला. "थांब, दार उघडतो."

त्याला आणायला दहा मिनिटं लागली. चालत आणला असता तर पाच लागली असती. आणला तेव्हा त्याचं एक पाऊल उलट्या दिशेला वळलं होतं आणि चष्मा नव्हता. नळाखाली बसवावा लागला नाही. सोडल्यावर तो आपोआपच तिथं पडला. कोणीतरी नळ सोडला.

पहिला फटका पथकातल्या बंडा गवळ्यानं पान्यानं पाठीवर मारला. दुसरा त्याच्या भावानं. घाई कोणालाच नव्हती. पाण्याला लाल रंग आला, मग फिका झाला, मग पुन्हा आला. मुरलीधर ओरडत नव्हता. प्रत्येक फटक्याला त्याच्या तोंडून 'थांबा' एवढंच यायचं, ग्राहकाला सांगावं तसं.

प्रमिला मध्ये पडली. तिला दोघांनी हात न लावता, आडवं उभं राहून आदरानं अडवलं. ती पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी तिनं पैलवानाचा शर्टच धरला.

"पैलवान, ऐका! हे यंत्र कोणाचं ते सांगतं, किती ते सांगत नाही. तुमच्या नळात आमच्या घरचे सात-आठ जंतू असतील. तेवढ्यानं पोरीला काही होत नाही. कोणालाच होत नाही!"

पैलवानानं हात वर केला. फटके थांबले.

"काय म्हनलासा?"

"वामनरावांचेही सातच होते. मी नंतर मोजले."



"एक मिनिट," लोंढे सर म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "म्हणजे आम्ही निरपराध माणूस मारला असं तुम्हाला म्हणायचं आहे का?"

"हो."

"सतरा अहवालांवर तुमची सही आहे."

"आहे."

"आनि आज नवऱ्यावर आलं म्हनून यंत्र खोटं व्हय?" बंडा गवळी म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचा हात मोडला तवा खरं हुतं?"

गर्दीतून एक गुरगुर उठली आणि प्रमिलाला समजलं की आपण फार मोठी चूक केली. मघापर्यंत ही माणसं एका आजारी पोरीसाठी मारत होती. आता ती स्वतःसाठी मारणार होती. यंत्र खोटं ठरलं असतं तर अंगणातल्या निम्म्या लोकांना रात्री झोप लागली नसती. त्यापेक्षा मुरलीधर मेलेला परवडला. बंडानं पाना दोन्ही हातांत धरला आणि या वेळी पाठीकडे पाहिलं नाही, डोक्याकडे पाहिलं.

खरं सांगून उपयोग नव्हता. चुगल्या सांगेल तेच खरं.

"पोरगी नळाला तोंड लावून पाणी पिते का?" ती ओरडली.

"काय?"

"माठातलं पिते ना? मग माठातलं तपासा. नियम आहे. बाधित व्यक्तीनं प्यायलेलं पाणी, प्रत्यक्ष. सर, नियम आहे की नाही?"

असा नियम कुठंच नव्हता. पण लोंढे सरांना नियम माहीत नाही असं म्हणण्याची सवय नव्हती. "आहे," ते म्हणाले. "पोटकलम आहे तसं."

शेवंता पुढं आली. तिनं पेला उचलला, मनगटापर्यंत हात माठात घातला आणि पाणी काढून दिलं. सगळं गाव असंच पाणी काढायचं. सरकारनं दोन वर्षांपूर्वी घरोघर लांब दांड्याची ओगराळी फुकट वाटली होती, माठात बोटं जाऊ नयेत म्हणून. माळहिप्परग्यात ती महाप्रसादाची आमटी वाढायला फार सोयीची पडली.

दुसरी कुपी. नऊ मिनिटं. एवढा वेळ थांबणं पथकाच्या जिवावर आलं होतं. मधेमधे कोणीतरी मुरलीधरच्या बरगडीत लाथ घालून येत होतं, जागा राखून ठेवावी तसं.

काच उजळली. प्रमिलानं या वेळी हात ठेवला नाही. उलट चुगल्या उंच धरला.

लोंढे सरांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "दोनशे एकतीस."

"मंजे?" पैलवान म्हणाला.

"म्हणजे हेच घर."

प्रमिलानं शास्त्र थोडक्यात सांगितलं. विषारी जात बाहेरून कुठूनतरी घरात येते, जत्रेतून, तालमीतून. मोठ्या माणसाला काही होत नाही, पोटात नुसती राहते. मग न धुतलेला हात माठात जातो आणि तिथं रात्रभरात सातचे सात कोटी होतात.

सोपान पैलवानानं माठात वाकून पाहिलं. मग शेवंताकडे वळला.

"माठात हात कोन घालतं?"

"सगळीच घालत्यात की वो."

"पोरीला पानी कोन देतं?"

ती काही बोलायच्या आत त्याचा पंजा तिच्या कानाखाली बसला. ती कट्ट्यावर आपटली, माठ फुटला. ती उठली नाही. गुडघ्यावर बसून राहिली आणि ओठावरचं रक्त पदरानं पुसायला लागली. गर्दीतलं कोणी हललं नाही. घरातली गोष्ट होती.

"मॅडम, हिचा हात तपासा," पैलवान म्हणाला. त्यानं बंडाच्या हातून पाना काढून घेतला. "यंत्र सांगंल तसं. आज माझ्या घरात बी तोच न्याय."

शेवंतानं दोन्ही हात पुढं केले. तिनं ते मागं घेतले नाहीत. तिला खरंच वाटत असावं की आपलेच असतील.

तिसरी कुपी. शेवटची.

प्रमिलाला दोन गोष्टी माहीत होत्या. चुगल्याला घर ओळखता येतं, माणूस ओळखता येत नाही. या घरातला कोणाचाही हात धुऊन ते पाणी कुपीत घातलं तर काचेवर दोनशे एकतीसच येणार. दुसरी गोष्ट, जो हात आधी जाईल तो मरेल. पहिली गोष्ट सांगायची होती तर आत्ता सांगायला हवी होती. पण खरं सांगितल्यावर काय होतं ते तिनं पाव तासापूर्वी पाहिलं होतं. नळाखाली मुरलीधरच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता. पैलवान उभा असेपर्यंत त्याला इथून कोणी उचलू देणार नव्हतं.

"आधी तुमचा," ती म्हणाली.

"माजा?"

"तक्रारदाराचा हात आधी. पद्धत आहे." तिनं लोंढे सरांकडे पाहिलंही नाही. "बरोबर ना, सर?"

"बरोबर," सर म्हणाले. "तुलना हवीच."

पैलवान हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "घ्या की. आमी काय भितोय व्हय?" त्यानं पाना काखेत धरला आणि उजवा पंजा पुढं केला. प्रमिलानं बाटलीतल्या शुद्ध पाण्यानं त्याची बोटं एकेक करून धुतली, पाणी पेल्यात घेतलं, कुपी भरली. हात मोठा होता आणि उबदार. नखांत तालमीची लाल माती होती.

नऊ मिनिटं. कोणी लाथ मारायला गेलं नाही.

दोनशे एकतीस.

या वेळी लोंढे सरांनी वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती. प्रमिलानं चुगल्या सगळ्यांना दिसेल असा फिरवून धरला.

"माजा?" पैलवान म्हणाला. तो आपल्या पंजाकडे पाहत होता. "माझ्या हातानं पोरीला..."

बंडा गवळ्यानं त्याच्या काखेतला पाना हळूच काढून घेतला. मेव्हण्याचा हात कोणी मोडला होता हे त्याला आठवत असावं, की नियम म्हणजे नियम एवढंच त्याच्या डोक्यात असावं, सांगता येत नाही. पैलवानानं अडवलं नाही. पहिला फटका गुडघ्यावर बसला आणि तालमीत कधी न पडलेला माणूस एका बाजूनं खाली बसला. मग सगळेच पुढं सरले. एवढा मोठा माणूस मारायला कधी मिळाला नव्हता.

शेवंता त्या गर्दीत कशी शिरली कोणाला कळलं नाही. ती त्याच्या अंगावर आडवी पडली. तिच्या पाठीवर दोन बसले तेव्हा लोक थांबले.

"माजा हात बगा!" ती ओरडत होती. "मॅडम, माजा हात बगा की वो! पानी मीच देते तिला, माजाच असंल! ह्येंनी कदी माठाला हात लावला न्हाई!"

"कुप्या संपल्या," प्रमिला म्हणाली.

लोंढे सर पुढं आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "हावळे बाई, एक शंका आहे. शास्त्रीय. एका घरात राहणाऱ्या दोघांचे हात तपासले, तर यंत्र दोघांनाही तोच नंबर दाखवतं का?"

सगळी गर्दी तिच्याकडे वळली. शेवंतानंही मान वर केली. तिच्या फुटलेल्या ओठाखालून रक्त पैलवानाच्या शर्टावर पडत होतं. पैलवानाचा एक डोळा मिटला होता. दुसरा प्रमिलाकडे पाहत होता. नळाखालून शिट्टी यायची थांबली होती, पुन्हा आली.

"नाही," प्रमिला म्हणाली.

बायकांच्या अंगाला पुरुषांनी हात लावायचा नाही असा पथकाचा नियम होता. म्हणून शेवंताला उचलायला शेजारच्या चार बायका आत बोलावल्या गेल्या. त्यांनी तिला सांभाळून, दुखणार नाही अशा बेतानं बाजूला घेतलं.

प्रमिलानं मुरलीधरच्या काखेखाली हात घातला. दोन माणसांनी लगेच मदत केली, एकानं रिक्षा थांबवली, एकानं आपला टॉवेल त्याच्या डोक्याला गुंडाळला. "सावकाश, मॅडम," तो म्हणाला. "पायरी हाय." मागं अंगणातून आवाज यायला लागले होते. तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर अहवालात लिहावं लागलं असतं.